मागच्या दाराने ताकद

पुण्यातल्या एखाद्या सोसायटीत नवी थार आली की तिची वाढ ठरलेल्या क्रमाने होते. आधी टायर मोठे होतात. मग पुढे लोखंडी बंपर येतो, तोही असा की रोज सकाळी गव्याशी टक्कर होणार हे मालकाने गृहीत धरलेलं असावं. प्रत्यक्षात टक्कर होते ती कर्वे रस्त्यावरच्या रिक्षाशी, आणि त्यात चूक रिक्षावाल्याची नसते. त्यानंतर टपावर कॅरिअर, कॅरिअरवर जेरीकॅन आणि जेरीकॅनशेजारी फावडं. या फावड्याला माती कधी लागलेली नसते. दर रविवारी फडकं मात्र लागतं. एवढं सगळं चढवून झालं की मालकाच्या लक्षात येतं, गाडी पूर्वीइतकी पळत नाही. तो तिच्याभोवती फेरी मारतो, पुढून पाहतो, बाजूने पाहतो, आणि शेवटी मागे जाऊन वाकतो. तिथे त्याला सायलेन्सर दिसतो. आरोपी सापडतो.

जो भाग आवाज दाबतो तो ताकदही दाबत असणार, असा हा तर्क आहे. सभा-संमेलनांत तो टाळ्या घेईल. गाडीखाली त्याचं काय होतं, ते बघायला खाली वाकावं लागतं, आणि तेवढं वाकायची तयारी फारच थोड्यांची असते.

माझा मेव्हणा याच पंथातला. एका रविवारी तो चहाला आला आणि बशीत चहा ओतता ओतता म्हणाला, "दाजी, गाडीला श्वास घेता येत नाहीये."

"श्वास पुढून घेतात. तू मागे काय बघतोयस?"

"सोडता आला तरच घेता येतो ना दाजी!"

हे वाक्य त्याने गॅरेजमध्ये ऐकलं की प्राणायामाच्या वर्गात, ते कळायला मार्ग नव्हता. पण पंचाईत अशी की ते अगदीच चूक नाही. डिझेल जाळून जी ऊर्जा मिळते तिचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग धुरावाटे मागून निघून जातो. एवढा ऐवज फुकट जातो, हे सर्वांत आधी खुपलं ते आल्फ्रेड ब्युखी या स्विस इंजिनिअरला. १९०५ साली त्याने पेटंट घेतलं: बाहेर जाणाऱ्या गरम वायूने एक चक्र फिरवायचं, त्याच दांडीवर दुसरं चक्र बसवायचं, आणि त्या दुसऱ्याने बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबायची. हाच टर्बो. १९२० च्या दशकात दोन जर्मन जहाजांच्या डिझेल इंजिनांना तो बसवला तेव्हा १,७५० अश्वशक्तीची इंजिनं २,५०० अश्वशक्ती देऊ लागली. म्हणजे मागून जाणाऱ्या धुरात ताकद असते, हा मेव्हण्याचा सिद्धांत शंभरेक वर्षांमागे सिद्ध झालेला आहे. फक्त ती काढून घेण्याचं काम गाडी कारखान्यातून बाहेर पडायच्या आधीच उरकलेलं असतं.

आता नळी मोकळी केली की होतं काय? टर्बोचं चक्र फिरतं ते दाबातल्या फरकावर. चक्राच्या अलीकडे दाब जास्त आणि पलीकडे कमी, तर ते जोरात फिरतं. मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेणं हा त्याचा रोजचा धंदा आहे. पलीकडची नळी रुंद आणि कमी वळणांची केली तर पलीकडचा दाब घटतो, चक्र थोडं लवकर वेग घेतं आणि धूर बाहेर ढकलण्यात इंजिनाची कमी दमछाक होते. इंजिनातून निघणाऱ्या वायूचं तापमानही थोडं उतरतं. इथपर्यंत मेव्हण्याला पैकीच्या पैकी गुण.

मात्र या ज्ञानाच्या शाखा दोन आहेत आणि दोन्ही एकाच व्हॉट्सॲप ग्रुपवर नांदतात. पहिली शाखा म्हणते, सगळं उपटून सरळ पाइप टाका. दुसरी म्हणते, "बॅकप्रेशर पाहिजेच, नाहीतर लो-एंड मरतो." हा दुसरा समज टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनांकडून, त्यातही जुन्या टू-स्ट्रोक मोटरसायकलींकडून चालत आला आहे. तिथे नळीची लांबी-रुंदी आणि तिच्यातून परत फिरणाऱ्या दाबाच्या लाटा यांना खरोखरच अर्थ असतो. टर्बो डिझेलमध्ये चक्राच्या पलीकडे कोंडलेला दाब कोणाच्याच कामाचा नाही. तरीही दोन्ही शाखांत पहाटेपर्यंत वाद चालतो, आणि सकाळी दोघेही 'सुप्रभात'चं फूल टाकून कामाला लागतात.

आता गुण कापायची वेळ. टर्बो डिझेलमध्ये धुराची सगळ्यात मोठी अडचण सायलेन्सरची नसते. ती टर्बोचीच असते. सगळा वायू त्या चिंचोळ्या चक्रातून पिळून निघतो, आणि निघता निघता त्याचा बराचसा आवाजही तिथेच राहतो. म्हणून तर टर्बो डिझेलचा सायलेन्सर काढला तरी तो अपेक्षेइतका गरजत नाही आणि मालक गॅरेजवाल्याकडे संशयाने पाहू लागतो. दादर स्टेशनच्या जिन्यावर माणसं अडली असताना बाहेरचा रस्ता चौपदरी करावा, तसा हा उपाय आहे. रस्त्यावर आलेल्या माणसाला बरं वाटतं. जिन्यावरचा माणूस जिन्यावरच असतो.

दुसरी गोष्ट जास्त जिव्हारी लागणारी आहे. डिझेल इंजिनाची ताकद ठरते ती किती डिझेल आत फवारलं यावर. हवा तिथे बहुतेक वेळ गरजेपेक्षा जास्तच असते. पायाखालची पट्टी दाबून आपण खरं तर गाडीतल्या संगणकाला विनंती करत असतो, आणि किती फवारायचं ते तो ठरवतो. हवेचा दाब किती हवा, हेही त्यानेच ठरवून ठेवलेलं असतं. नळी मोकळी झाली म्हणून दाब चढू लागला, तर हल्लीच्या बऱ्याच टर्बोंत तो पाती फिरवून दाब पुन्हा ठरल्या जागी आणतो. तीन शनिवार गॅरेजमध्ये उभं राहून, रोख मोजून मोकळं केलेलं सगळं तो डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच पूर्ववत करतो, आणि डॅशबोर्डवर त्याचा उल्लेखसुद्धा करत नाही.

म्हणून नळीवर भागत नाही. मग 'रिमॅप' येतो, म्हणजे संगणकाच्या डोक्यात नवे आकडे भरायचे. ताकद खरी वाढते ती इथे, कारण जास्त डिझेल इथे फवारलं जातं. नळी त्या वाढीव धुराला फक्त वाट देते. जास्त डिझेल म्हणजे जास्त उष्णता, क्लचवर जास्त ताण, गिअरबॉक्सवर जास्त ताण, आणि वॉरंटीला शेवटचा नमस्कार. गॅरेजवाला हे सगळं 'स्टेज वन' या दोन शब्दांत सांगतो. ऐकणाऱ्यालाही पुढची स्टेज कोणती, याचंच कुतूहल जास्त असतं.

समजा झालं सगळं. वाढलेली ताकद भेटते कुठे? डिझेलवरच्या थारचे कागदावरचे आकडे असे: ३,७५० फेऱ्यांना १३० अश्वशक्ती, आणि १,६०० ते २,८०० फेऱ्यांदरम्यान ३०० न्यूटन-मीटर टॉर्क. आता गाडी दगडाधोंड्यांच्या चढावर आहे आणि इंजिन १,६०० फेऱ्यांवर घुमतंय. तिथे पूर्ण जोर लावला तरी हिशेबाने निघते सुमारे ६७ अश्वशक्ती. उरलेले घोडे ३,७५० फेऱ्यांपाशी वाट बघत असतात, आणि त्या चढावर त्यांना भेटायला कोणी जात नाही, गेलंच तर गाडी उलटते. शिवाय नळीतला अडथळा वायूच्या वेगाच्या वर्गाने वाढतो: वायू निम्मा, तर अडथळा पाव. चढावर रांगत्या इंजिनातून मुळातच इतका कमी धूर निघतो की मूळची नळीही त्याला ऐसपैस वाटते. ऑफ-रोडसाठी केलेल्या या बदलाचा जो काही फायदा व्हायचा तो एक्सप्रेस-वेवर होतो, आणि तिथे कॅमेरे आहेत.

बरं, ताकद वाढवायची कळ गाडीत मुळातच बसवलेली असते. गिअरच्या दांडीशेजारी एक आखूड दांडी असते. तिला '४ एल' वर ओढलं की चाकाशी मिळणारी ओढ जवळजवळ अडीचपट होते. अडीचपट! नळी बदलून पाच-सात टक्क्यांचं स्वप्न बघणारा माणूस या दांडीवर पार्किंगच्या पावत्या अडकवतो. मेव्हण्याला विचारलं, "ही कधी ओढतोस?" तर म्हणाला, "तशी वेळच येत नाही, दाजी." वेळ येत नाही हे खरं होतं. त्याची गाडी सोमवार ते शुक्रवार हिंजवडीच्या रांगेत असते, आणि तिथे '४ एल' लावून पुढे जायला पुढे जागा असावी लागते.

उलट मोठे टायर लावून त्याने ओढ घटवली होती. ३१ इंचांच्या जागी ३३ इंची टायर आला की त्याच गिअरमध्ये चाकाची ओढ सुमारे सहा टक्क्यांनी कमी होते. बंपर, विंच, कॅरिअर आणि फावडं यांचं वजन त्यावर वेगळं. म्हणजे पुढून, वरून आणि खालून घालवलेली ताकद मागून वसूल करायचा हा व्यवहार आहे. एखाद्या बँकेने असं कर्ज दिलं असतं तर आपण मोर्चा काढला असता.

ज्यांनी सातारा-कराड भागातली वडापची जीप पाहिलीय त्यांना या सगळ्या चर्चेचं हसू येईल. साठीच्या आसपास अश्वशक्ती, टर्बोचा पत्ता नाही, सायलेन्सर तारेने बांधलेला. आत नऊ जणांची जागा आणि अठरा जण. मागे फळीवर चौघे, टपावर कोथिंबिरीची पोती आणि पोत्यांवर एक पाहुणा. चालकाचं अर्धं अंग दाराबाहेर, कारण त्याच्या सीटवर आणखी दोघे. आणि ही जीप पाटणच्या बाजूचे चढ दिवसातून कितीतरी वेळा चढायची. त्या चालकाला न्यूटन-मीटर माहीत नव्हते. कोणत्या वळणाआधी गिअर पाडायचा आणि कोणत्या पाहुण्याला खाली उतरवायचं, हे मात्र त्याला पक्कं माहीत होतं. गाडी हलकी करण्याची त्याची पद्धत आजही सर्वांत स्वस्त आहे.

दुसरा दाखला कोकणच्या किनाऱ्यावरचा. पुण्या-मुंबईची एखादी फोर बाय फोर पुळणीत रुतते, भरतीचं पाणी चाकांशी येतं, आणि १३० अश्वशक्तीचं इंजिन नव्या सायलेन्सरमधून किनाराभर ऐकू जाईल असं ओरडतं. जितकं ओरडतं तितकी चाकं खाली जातात. मग गावातून एक ट्रॅक्टर येतो. त्याची अश्वशक्ती पंचेचाळीसच्या आसपास, सायलेन्सर बॉनेटवर उभा. ट्रॅक्टरवाला साखळी अडकवतो, खालच्या गिअरमध्ये टाकतो, आणि विडी न विझवता गाडी बाहेर काढतो. वजन, रुंद चाकं आणि गिअर यांपुढे घोड्यांची संख्या काही बोलत नाही. टायरमधली हवा पंधरा-अठरा पीएसआयवर आणली असती तर बहुधा ट्रॅक्टरही लागला नसता. पण हवा काढायला पैसे पडत नाहीत, आणि ज्याला पैसे पडत नाहीत त्याला आपल्याकडे मॉडिफिकेशन म्हणत नाहीत.

या नळीच्या वाटेत आणखी एक डबा असतो, डीपीएफ नावाचा. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि डिझेल गाड्यांच्या काजळीला हा चाप बसला. हा डबा काजळी अडवतो, साठवतो, आणि पुरेशी साठली की सुमारे ६०० अंशांपर्यंत तापून जाळून टाकतो. त्यासाठी गाडी मोकळ्या रस्त्यावर एका वेगाने काही वेळ पळावी लागते. पुण्याच्या रहदारीत हे जमत नाही. डबा तुंबतो आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. मग गाडी हायवेला न्यावी लागते. म्हणजे शनिवारी सकाळी बायकोला "फिल्टर जाळायचाय" असं सांगून लोणावळ्याला वडापाव खायला जाण्याचं कारण या गाडीच्या मालकांना चक्क बीएस-६ ने मिळवून दिलं आहे. इतकं चोख, तांत्रिक आणि पर्यावरणपूरक कारण नवऱ्यांच्या हाती यापूर्वी कधी लागलं नव्हतं. आणि हे लोक तोच डबा कापून फेकायला निघालेत! मेव्हण्याला ही बाजू समजावली तेव्हा तो पहिल्यांदाच गंभीर झाला.

डबा कापणाऱ्यांचं पुढे काय होतं, तेही ऐकण्यासारखं आहे. दाब मोजणाऱ्या सेन्सरला काहीच सापडत नाही, संगणक घाबरतो आणि गाडी 'लिम्प मोड'मध्ये जाते, म्हणजे लंगडत चालते. ताकद वाढवायला गेलेली गाडी आता स्कूटीला वाट देते. मग संगणकाला फसवणारा आणखी एक संगणक. गाडीच्या मागे काळा ढग, आणि त्या ढगात नेमकी सोसायटीच्या अध्यक्षांची स्कूटर.

कायदाही आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही यावर शिक्कामोर्तब केलं. आवाज आणि धूर यांची मर्यादा मोडली तर १९० (२) कलमाखाली पहिल्याच वेळी दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. मोटरसायकलींचे जप्त केलेले सायलेन्सर तर पोलीस रस्त्यावर ओळीने मांडतात आणि वरून रोडरोलर चालवतात. त्या रोलरला टर्बो आहे का, हे कोणी विचारत नाही.

याचा अर्थ जगात कुठेच नळी बदलून उपयोग होत नाही असा नाही. ऑस्ट्रेलियात टोयोटाच्या ७० मालिकेतल्या लँड क्रूझरला ही नळी खरोखर लागू पडते. तिच्यात साडेचार लिटरचं व्ही-८ टर्बो डिझेल इंजिन होतं, पण कंपनीने ते मुद्दाम संथ ठेवलं होतं: १५१ किलोवॉट आणि ४३० न्यूटन-मीटर. त्याच घराण्यातलं, पण दोन टर्बोंचं इंजिन २०० मालिकेतल्या गाडीत ६५० न्यूटन-मीटर द्यायचं. म्हणजे आत भरपूर शिल्लक पडलेली होती. तिथले लोक मागे जड ट्रेलर लावून शेकडो किलोमीटर वाळवंट तुडवतात, तासन्‌तास इंजिन पूर्ण भारावर असतं. अशा वेळी तीन इंची नळी आणि जपून केलेलं ट्यूनिंग यांनी ताकद वाढते आणि इंजिनाचा तापही उतरतो. मेव्हण्याला मी हे सांगितलं. त्याने एवढाच निष्कर्ष काढला की आता ट्रेलर घ्यायला हवा.

खरं तर ताकद हा सगळ्यांनी मिळून संभाळलेला सभ्य बहाणा आहे. हवा असतो तो आवाज. कानात घुमणारा आवाज वाढला की पाठीला वाटतं गाडी पळतेय, आणि पाठीला जे वाटतं ते कोणतंही यंत्र खोडू शकत नाही. पुण्यात चाकाखाली ड्रम फिरवून अश्वशक्ती मोजून देणारी दुकानं आहेत. नळी बदललेले लोक तिथे जात नाहीत. आधीचा आकडा आणि नंतरचा आकडा शेजारी शेजारी छापून आला तर घरी काय दाखवायचं? मेव्हणाही गेला नाही. त्याने मला गाडीत बसवलं, खिडक्या खाली केल्या, आणि चांदणी चौकाच्या पुलावर पट्टी दाबून विचारलं, "दाजी, पिकअप कळला का?" मी म्हणालो, कळला. नात्यात यापेक्षा वेगळं उत्तर देता येत नाही.

त्याच पैशात करण्यासारखं पुष्कळ आहे. एअर फिल्टर साफ ठेवावा, हवा मोजायचा गेज आणि एक चांगला पट्टा गाडीत टाकावा, टपावरचं निम्मं लोखंड उतरवावं. महिंद्राने ऑफ-रोड चालवणं शिकवायला इगतपुरीला खास केंद्र उभारलं होतं. असं कुठेतरी दोन दिवस काढून ती आखूड दांडी कशासाठी असते, ते शिकून घ्यावं. एवढं केलं तर गाडी त्याच चढावर, त्याच इंजिनाने, त्याच नळीने आणि एकाच गिअरमध्ये शांतपणे वर जाते. मेव्हण्याला हे सगळं पटतं. अडचण एकच, असं त्याचं म्हणणं: शिकलेला माणूस आवाज न करता चढ चढतो, आणि आवाज न करता चढलेला चढ सोसायटीत कोणी धरत नाही.